कोकणात समुद्रात पोहायचंय? कर्दे, देवगड, तारकर्ली की भोगवे

तलावात अर्धा तास सलग पोहता येतं, आता थंडीत कोकणात जाऊन समुद्रात उतरायचंय, तर जायचं कुठे? फोटो बघून जागा ठरवू नका. फोटोत माड दिसतात, निळं पाणी दिसतं. किनाऱ्याचा उतार दिसत नाही आणि खाडीचं मुख किती जवळ आहे तेही दिसत नाही. पोहणाऱ्याचा सगळा हिशेब या दोन गोष्टींवर आणि भरती-ओहोटीवर.

म्हणूनच काशीद आणि गणपतीपुळे मी यादीत धरतच नाही. किनारे देखणे, पण उतार तीव्र. लाट काठाशीच फुटते आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात, तरी लोक उतरतातच. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, पावलं भिजवा, पुढे निघा.

समुद्रात पहिल्यांदाच पोहणार असाल तर दापोलीजवळचं कर्दे. उतार इतका मंद की बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. वाळू घट्ट, लोक त्यावर गाड्या फिरवतात, तेवढा एक ताप. काठाला समांतर पोहत राहायचं, दम लागला की उभं राहायचं. पाणी मात्र तारकर्लीसारखं नितळ नाही, गॉगल लावून फारसं काही दिसत नाही. शिवाय ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की पोहण्यापेक्षा चालणंच जास्त होतं. इथे भरती गाठावीच लागते.

देवगडची गोष्ट वेगळी. गावालगतची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दोन डोंगरांच्या कुशीत आहे, एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूच्या सड्यावर पवनचक्क्या. त्या आडोशामुळे लाटांचा जोर मोडतो आणि मधल्या भागात शांतपणे लांब पल्ला मारता येतो. कर्द्यापेक्षा मला इथे पोहायला आवडतं, कारण डोळ्यांसमोर खूण असते: एका टोकाकडे तोंड करून निघा, वळा, परत या. फक्त टोकांच्या खडकांना हात लावायला जाऊ नका. त्यांवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. लाटेने नुसतं घासलं तरी तळवा फाटतो आणि जखम लवकर भरत नाही. गर्दी नको असेल तरीही देवगडच. लोक इथे आंब्यासाठी येतात, तेही उन्हाळ्यात.

तारकर्ली आणि भोगवे यांत निवड करणं अवघड, कारण दोन्ही एकाच कर्ली खाडीचे शेजारी. मुखाच्या उत्तरेला देवबाग-तारकर्ली, दक्षिणेला भोगवे. डिसेंबरनंतर पाणी दोन्हीकडे सुरेख. तारकर्लीला सोयी भरपूर: राहायला घरं, जेवायला खानावळी, स्नॉर्केलिंगसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नेणाऱ्या होड्या. त्यामुळे माणसंही भरपूर, आणि जलक्रीडेच्या मोटरबोटी पोहणाऱ्याला बघत नाहीत. सकाळी रापण लागलेली असेल तर थांबा. होडी अर्धवर्तुळ घालत जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर काठावर माणसं ओढत असतात. त्या वेढ्यात पोहणं धोक्याचं, आणि त्यांच्या पोटावर पाय देणारंही.

भोगव्याला यातलं फारसं नाही. परुळ्याहून खाली उतरलं की लांबच लांब पुळण आणि बहुतेक वेळा तुम्ही एकटेच. पण तीच अडचण: लाट मोठी, किनारा उघडा, हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. दोघं सराईत असाल तर भोगवे, नाहीतर दक्षिणेला किल्ले निवतीच्या पायथ्याची छोटी पुळण. खडकांमध्ये असल्यामुळे ती जास्त आडोशाची.

खाडीच्या मुखाशी मात्र कुठल्याच बाजूने उतरू नका. ओहोटी लागली की अख्ख्या खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या वाटेने बाहेर धावतं. वरून ते सपाट, लाटा नसलेलं दिसतं, म्हणूनच माणूस फसतो. किनाऱ्यावर इतरत्रही लाटांच्या रांगेत मध्येच एक गप्प, गढूळ पट्टा दिसला तर तो परतीच्या पाण्याचा मार्ग समजा. त्यात सापडलात तर काठाकडे झगडू नका, आडवे पोहत बाहेर पडा.

वेळ काढायचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यातून एक सोयीची गोष्ट निघते. एकादशी-द्वादशीला सकाळी आठ-नऊला पाणी भरलेलं असतं, थंडीत त्या वेळी मतलई वारा जमिनीकडून वाहत असल्याने समुद्र बसलेला असतो, आणि पौर्णिमा-अमावास्येचं उधाण अजून लागलेलं नसतं. चारही जागांना हे दिवस मानवतात, कर्द्याला सर्वांत जास्त. दुपारनंतर खारा वारा सुटला की पाणी खवळतं. तेव्हा उतरू नये.

हंगाम दिवाळी उलटल्यावर ते फेब्रुवारीअखेर. नारळी पौर्णिमेला कोळी होड्या लोटतात म्हणून तुम्हीही उतरायचं असं नाही, तेव्हा पाऊस संपलेला नसतो. जीवरक्षक सगळीकडे आणि सगळ्या वेळी असतील असं धरून चालू नका. कमरेला बांधायचा केशरी फुगा घ्या, होडीवाल्याला लांबून दिसतो. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चला. खाली पाखट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असेल तर ते आधीच सटकतं. आणि उतरण्याआधी ज्यांच्याकडे राहिला आहात त्या काकांना विचारा, "आज पाण्याला ओढ कशी आहे?" ते नको म्हणाले, तर तिथी काहीही असो, किनाऱ्यावर चहा घ्या.