क्रॅशचा माग: प्रोग्रॅमनेच छापायचा की कोअर फाइलमधून काढायचा?

लिनक्सवर सी प्रोग्रॅम सेगफॉल्ट होऊन (मेमरीच्या चुकीच्या जागी हात घालून) पडला, तर स्टॅक ट्रेस, म्हणजे त्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते त्याची यादी, दोन वाटांनी मिळतो.

पहिली वाट म्हणजे सिग्नल हँडलरमधून (क्रॅशचा सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून) प्रोग्रॅमने तो ट्रेस स्वतःच छापणे. बॅकट्रेस हे फंक्शन पत्ते गोळा करते; त्यांना नावे द्यायला इथे बॅकट्रेस_सिम्बॉल्स वापरू नका. ते मॅलॉक करते (मेमरी मागते), आणि क्रॅश मॅलॉकच्या आतच झाला असेल तर मॅलॉकचे लॉक आधीच धरलेले असते. प्रोग्रॅम मरतही नाही, नुसता लटकतो. बॅकट्रेस_सिम्बॉल्स_एफडी मॅलॉक न करता थेट फाइल डिस्क्रिप्टरवर लिहिते. तरी एक खाच उरतेच: बॅकट्रेस पहिल्यांदा बोलावले की लिबजीसीसी ही लायब्ररी लोड होते आणि तेव्हा मॅलॉक होऊ शकते. म्हणून मेनच्या सुरुवातीलाच ते एकदा बोलावून ठेवा. लिंक करताना -आरडायनॅमिक दिले नाही, तर फंक्शनच्या नावांऐवजी बहुतेक नुसते पत्ते दिसतात. स्टॅटिक फंक्शनची नावे तर ते देऊनही येत नाहीत. त्यांच्यासाठी पत्त्यावरून फंक्शन आणि ओळ शोधणारे अ‍ॅडर२लाइन लागते. स्टॅकच भरून फुटला असेल, तर सिगऑल्टस्टॅक (हँडलरसाठी वेगळा स्टॅक) आणि एसए_ऑनस्टॅक (तो वापरायला सांगणारा फ्लॅग) यांच्याशिवाय हँडलर चालतच नाही.

दुसरी वाट कोअर डंपची, म्हणजे पडताना फाइलीत उतरवलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची. युलिमिट -सी अनलिमिटेड करा (कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा काढा), कोअर_पॅटर्न (ती फाइल कुठे जाते ते ठरवणारी सेटिंग) तपासा, मग जीडीबी या डीबगरमध्ये ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’. सगळे थ्रेड दिसतात; डीबग माहिती असेल तर व्हेरिएबलच्या किमतीही. मात्र फाइल अवाढव्य होऊ शकते, आणि मेमरीतले पासवर्डही तिच्यात उतरतात.

माझा कल कोअरकडे. ग्राहकाच्या मशीनवरून फक्त लॉगच येणार असेल, तर हँडलर हवाच. त्याच्या शेवटी सिग्नल एसआयजी_डीएफएलवर (मूळ वागणुकीवर) आणून पुन्हा रेझ करा (तोच सिग्नल स्वतःला पाठवा), म्हणजे कोअरही पडतो.