त्वचेचा लिम्फोमा आणि रेडिएशन: फक्त चट्ट्याला की सगळ्या अंगाला, कमी डोस की पूर्ण?

रिपोर्टवर लिम्फोमा (लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) हा शब्द दिसला की घरातलं कोणी ना कोणी विचारतंच, भरपूर डोस देऊन एकदाचं संपवून का टाकत नाहीत? विचारणं साहजिक आहे, पण त्वचेच्या लिम्फोमात हा हिशेब बऱ्याचदा उलटा बसतो. एकतर लिम्फोमाच्या पेशी रेडिएशनपुढे फार टिकत नाहीत, थोडक्या डोसातही चट्टा विरतो, आणि दुसरं म्हणजे मायकोसिस फंगॉइड्स (नावात फंगस असला तरी बुरशीशी काही घेणंदेणं नाही) हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार वर्षानुवर्षं अधूनमधून डोकं वर काढत राहतो, त्यामुळे आज किती द्यायचं याच्याइतकंच पुढच्या वेळेसाठी त्वचेची सहनशक्ती किती शिल्लक ठेवायची हेही बघावं लागतं.

आधी एकाच जागेचं रेडिएशन बघू. अख्ख्या अंगावर एकच चट्टा आहे आणि तपासणीत दुसरीकडे काही नाही, तर २४ ते ३० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) देतात, रोज थोडं थोडं करून दोन-तीन आठवडे, आणि इथे उद्देश आजार कायमचा घालवायचा असतो. ॲनाप्लास्टिक लार्ज सेल प्रकारची एकटी गाठ असेल किंवा फॉलिकल सेंटर आणि मार्जिनल झोन हे बी-सेलचे (लिम्फोसाइटचे टी आणि बी असे दोन मुख्य प्रकार, त्यातला बी) शांत प्रकार एकाच ठिकाणी असतील तरी डोस साधारण एवढाच. इथे डोसात कंजूषी करू नये असं माझं मत.

पण मायकोसिस फंगॉइड्स अंगभर थोडाफार आहे आणि त्यातले दोन-चार जाड चट्टे खाजतायत, चिघळतायत, तर गोष्ट वेगळी. तिथे ८ ते १२ ग्रे पुरतात, कधीकधी तर एकाच सिटिंगमध्ये काम होतं. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ५८ पेशंटच्या २७० चट्ट्यांना एकेकच सिटिंग दिलं होतं, बहुतेकांना ७ ते ८ ग्रे, आणि ९४ टक्के चट्टे पूर्ण गेले. मग अजून खाली, ४ ग्रेवर का येत नाहीत? तर बी-सेलच्या शांत प्रकारात येतात, २-२ ग्रेची दोन सिटिंग आणि झालं, पण मायकोसिस फंगॉइड्स टी-सेलचा, त्याला ते पुरत नाही. २००९ च्या एका अभ्यासात ४ ग्रेनंतर बी-सेलच्या ७२ टक्के जागा साफ झाल्या, मायकोसिस फंगॉइड्सच्या मात्र ३० टक्केच, आणि तिथेच ८ ग्रे दिल्यावर ९२ टक्के. म्हणून दुसऱ्या कोणाला ४ ग्रेमध्ये बरं वाटलं हे ऐकून आपल्यासाठी तेच मागू नका, आधी बायोप्सीत टी लिहिलंय की बी ते बघा.

आता सगळ्या अंगाचं, म्हणजे टोटल स्किन इलेक्ट्रॉन. यात इलेक्ट्रॉन त्वचेत काही मिलिमीटरच शिरतात, आतल्या अवयवांना जवळपास काही होत नाही. नेहमीच्या पद्धतीत पेशंटला मशीनपासून तीन-चार मीटर लांब उभं करून सहा वेगवेगळ्या पोझमध्ये देतात, एका दिवशी तीन आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीन. डोळ्यांवर शिल्ड लागतं. डोक्याचा वरचा भाग, तळपाय, जांघा, स्तनांखालची घडी अशा ठिकाणी सावली पडते, तिथे वेगळा डोस द्यावा लागू शकतो. उभं राहायला त्रास असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, झोपवून द्यायच्याही पद्धती आहेत पण त्या सगळीकडे करत नाहीत.

यात खरी निवड ३० ते ३६ ग्रे की १२ ग्रे अशी असते. पूर्ण डोसला आठ ते दहा आठवडे जातात, पूर्ण साफ होण्याची शक्यता जास्त आणि परिणामही सहसा जास्त टिकतो, पण त्याची किंमत अंगावर दिसते: केस जातात (सहसा काही महिन्यांनी परत येतात), नखं गळू शकतात, हातपाय सुजतात, घाम येणं कमी होतं त्यामुळे उन्हात हैराण व्हायला होतं, त्वचा बराच काळ कोरडी राहते. आणि परत गरज पडली तर एवढाच डोस पुन्हा देणं अवघड. १२ ग्रे दोन-तीन आठवड्यांत उरकतं, हेच त्रास होतात पण बरेच सौम्य, आणि नंतर परत देता येतं. १२ ग्रेच्या तीन क्लिनिकल ट्रायल एकत्र करून ३३ पेशंट बघितले तेव्हा ८८ टक्क्यांना फायदा झाला, पूर्ण साफ मात्र ९ जणच झाले, आणि फायदा मध्यमानाने ७० आठवड्यांच्या आसपास टिकला. मला विचाराल तर आजार त्वचेपुरताच आणि हळू चालणारा असेल तर आधी १२ ची चर्चा करावी. मोठ्या गाठी असतील किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांटच्या आधी त्वचा शक्य तितकी साफ हवी असेल तर पूर्ण डोसाचा विचार होतो.

काहींना मुळात रेडिएशन लागतच नाही. पातळ पॅच स्टिरॉइड क्रीम आणि नॅरोबँड यूव्हीबीने (अतिनील प्रकाशाच्या उपचाराने) आवरतात. लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस या सौम्य टी-सेल प्रकाराचे फोड आपोआप येतात नि जातात, त्यामागे मशीन घेऊन धावण्यात अर्थ नाही. उलट टोकाला लेग टाईप म्हणून आक्रमक बी-सेल लिम्फोमा आहे, बहुतेकदा वयस्कर लोकांच्या पायावर येणारा, तिथे नुसतं रेडिएशन अपुरं, रिटुक्सिमॅब (बी-सेलवर नेमकं काम करणारं अँटिबॉडी औषध) सोबत केमो आणि जोडीला ३६ ते ४० ग्रे असा बेत असतो.

काहीही ठरलं तरी प्रत्येक जागेला किती ग्रे, किती सिटिंगमध्ये आणि कुठल्या तारखेला दिले हे लिहून मागून घ्या, जमल्यास चट्ट्याच्या फोटोसकट, कारण पाच वर्षांनी त्याच मांडीवर नवीन चट्टा आला तर नवीन डॉक्टर आधी तेच विचारणार, आणि तोपर्यंत जुना डाग इतका फिका झालेला असतो की नक्की कुठे दिलं होतं हे तुम्हालाही सांगता येत नाही.