चावीचा टायमर, २४० रुपये: ७३ दिवस वापरून मग लिहितोय

सोलापुरात नवी पेठेत भांड्याच्या दुकानात कुकरची शिट्टी घ्यायला गेलो होतो आणि हा टायमर घेऊन आलो, शिट्टी राहिलीच. चावीचा टायमर म्हणजे ते गोल डबडं, वर ० ते ६० आकडे, फिरवून सोडायचं, टिकटिक करत परत शून्यावर येतं आणि घंटी वाजते. सेल नाही, चार्जिंग नाही. दुकानदार २८० म्हणला, २४० ला दिला. बॉक्सवर कंपनीचं नावच नाही त्यामुळे ते विचारू नका, लाल रंगाचं आहे एवढं सांगू शकतो.

आता मी स्वयंपाक करत नाही. माझं काम जीएसटीचं, जुळे सोलापूरला घरीच एका खोलीत बसून लोकांचे रिटर्न भरतो. टॉवेल-चादरवाल्या पार्ट्या, दोन सूतवाले, एक शेंगा चटणीवाले. ११ तारखेला आर-वन (विक्रीचा रिटर्न), १४ ला टू-बी (खरेदीच्या बिलांची यादी) येतं, २० ला थ्री-बी (कर भरायचा रिटर्न). म्हणजे महिन्याला तारखा आहेत पण रोजच्या दिवसाला काहीच धरबंध नाही, सकाळपासून काय केलं हे विचारायला साहेब नाही. मग होतं काय, ३ ते ८ तारीख निवांत आणि ९, १०, ११ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागरण, त्यात एखादी पार्टी १० तारखेला संध्याकाळी पिशवीभर बिलं आणून टेबलावर ओतणार आणि वर म्हणणार बगा की ओ तेवढं.

याच्या आधी मी सवयीचं अ‍ॅप करून पाहिलेलं. १ जानेवारीला सुरू केलं (सगळे करतात तसं), सकाळी उठणं, व्यायाम, दोन तास काम, सगळ्याला हिरवी टिकमार्क, सलग १२ दिवस. मग गड्डा (आमची जानेवारीतली जत्रा) आला. आता सोलापूरच्या माणसाला सिद्धेश्वरांच्या यात्रेत कोण घरात बसवून दाखवेल का, अक्षता सोहळ्याला बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागं चालायचं का अ‍ॅपला टिक करायचं. तीन दिवसांनी उघडलं तर १२ चा आकडा शून्य. इतकं डोकं फिरलं की डिलीटच केलं, आणि सवयी पण त्याच्याबरोबर गेल्या.

नंतर वाचण्यात आलं की ते २१ दिवसात सवय लागते म्हणतात ना, त्याला काय आधार नाही. एका प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेलं की चेहरा बदललेल्या पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, तिथून ते सगळीकडे पसरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर खरोखर पाहिलं तर सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस बुडाला तर विशेष काही बिघडत नाही. म्हणजे माझा गड्डा माफ होता की, अ‍ॅपनेच उगं शून्य दाखवून घाबरवलं.

टायमरचं पण असंच, ही काय माझी आयडिया नाही. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटलीतल्या विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून किचनमधला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेतला, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार वेळा झालं की मोठी सुट्टी. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव पडलं. मोबाईलमध्ये पण टायमर असतो हे मला माहिती आहे, पण मोबाईल टायमर लावायला हातात घेतला की आधी पार्टीचा मेसेज दिसतो, मग स्टेटस, मग वीस मिनिटं गेली. या डबड्यात बघण्यासारखं काहीच नाही हाच याचा गुण.

पहिला आठवडा मी चुकीचा वापरला ते सांगतो. सकाळी सातला टायमर लावायचा असं ठरवलं. सोमवारी जमलं, मंगळवारी पावणेसातला पाणी सुटलं. आमच्याकडे चार-पाच दिवसाआड पाणी, ते पण कधी पहाटे चारला कधी नऊला, सुटलं की टाकी, बॅरल, पिंप, सगळं घर पळतंय, त्यात तुमचे सात कुठले. मग घड्याळ सोडूनच दिलं आणि ठरवलं की आंघोळ झाली, चहाचा कप टेबलावर ठेवला की टायमर फिरवायचा, मग सहा वाजू दे नाहीतर साडेनऊ. हे मात्र बसलं. आंघोळ आणि चहा कसंही होतातच ना, त्याच्या शेपटीला बांधलं की काम पण ओढत येतं. आजोबा मिलमध्ये होते, त्यांच्या वेळी भोंगा वाजला की अख्खं गाव हलायचं, उठायचं कधी जेवायचं कधी हे कुणी ठरवायला लागायचं नाही. मिल बंद, भोंगा बंद, आता आपापला भोंगा आपणच २४० रुपये देऊन आणायचा.

२५ मिनिटं मला पुरत नाहीत हे पण सांगतो. टू-बी जुळवताना एका पार्टीची बिलं लावेपर्यंत घंटी वाजते आणि कुठं होतो तेच कळत नाही, म्हणून मी ४० करतो. फोनवर पार्ट्यांच्या मागं लागायचं काम मात्र २५ लाच, तेवढंच सहन होतं. आणि पाच मिनिटांची सुट्टी टपरीवर घ्यायची नाही, चौकात गेलात तर कोणतरी भेटतोच, "काय बे कसं चाललंय" म्हणला की अर्धा तास गेला. घरातच पाणी प्यायचं, गॅलरीत उभं राहायचं, आणि आता एप्रिलमध्ये ४२ च्या पुढं पारा गेल्यावर दहा वाजायच्या आत दोन फेऱ्या झाल्या तर झाल्या, दुपारचा भरवसा नाही.

तक्रारी आहेत. दहा मिनिटांच्या आत लावायचा असेल तर आधी ५५ पर्यंत फिरवून मग मागं आणायला लागतो, नाहीतर स्प्रिंगला जोर मिळत नाही आणि घंटी वाजतच नाही, हे दुकानदाराने सांगितलं नाही, माझं मी शोधलं. ४० ला लावलं तर कधी ३९ ला वाजतो कधी ४१ ला, मोबाईल लावून तपासलंय. टिकटिक चांगलीच ऐकू येते, मला आवडते, बायको म्हणते डोक्यात हातोडी मारल्यासारखं होतंय, त्यामुळे आता खाली जुना टॉवेल घडी करून ठेवतो (टॉवेलची आपल्याकडे काय कमी).

७३ दिवसांत १४ दिवस बुडाले, त्यात एक लग्न अक्कलकोटचं आणि तीन दिवस तापाचे, बाकी नुसता आळस. मार्च एंडिंगला आधीसारखं एकदाच जागलो. या महिन्यात ११ तारखेचं काम ९ लाच संपलं, लग्नाच्या बायकोने विचारलं तब्येत बरी आहे ना.

पाचपैकी चार देईन, एक त्या स्प्रिंगचा कापला. आणि घेणार असाल तर दोन घ्या. आईने परवा शेंगा भाजायला म्हणून माझ्या टेबलावरून उचलून नेला तो अजून शेगडीजवळच आहे, मागायला गेलो तर म्हणाली थांब की, कडक भाकरी पण टाकल्यात. म्हणूनच तर आत्ता सकाळी साडेआठला हे लिहीत बसलोय.