पान २१२ वरची तारीख

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटाने एका ऐतिहासिक कादंबरीकार बाईंना गटातल्याच एका सदस्याच्या घरी बोलावलं. माणसं अठरा, दिवाणखाना एक, माइक नाही. लेखिकेचं आणि कादंबरीचं नाव लिहीत नाही, कारण हा अभिप्राय पुस्तकावर नाही, त्या तीन तासांवर आहे. तुमचा गट असं काही करावं की नको अशा विचारात असेल तर माझं मत आधीच सांगून टाकते: जरूर करा.

मी मुद्रितशोधनाची कामं करते, त्यामुळे वाचताना पेन्सिल हातात असतेच. कादंबरी शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीची. पान २१२ वर इंग्रजांच्या वखारीतला एक कारकून पत्र लिहितो, वर तारीख ५ जानेवारी १६६३. चार पानं उलटली की एका पोर्तुगीज व्यापाऱ्याचं पत्र. सकाळ तीच, पळापळ तीच, आणि तारीख १५ जानेवारी १६६४. दोन्ही माणसं आणि दोन्ही पत्रं लेखिकेच्या कल्पनेतली, पण तारखा कशा चुकतील? मी दोन्हींना गोल केले आणि समासात हे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

घरातली मांडणी यजमानांनी फार विचार करून केली होती. कोचावर पाहुणी आणि समोर आम्ही रांगेत, असं नव्हतं. सगळ्या खुर्च्या गोलात, त्यातलीच एक बाईंची. तिच्याशेजारी छोटं टेबल आणि वाचायला दिवा. पुस्तक दीड महिना आधी ठरलेलं होतं आणि प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून आधीच मागवले होते. हे मला सगळ्यात आवडलं, कारण त्यामुळे ‘तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली’ यात वेळ गेला नाही.

माझी चिठ्ठी तिसरी निघाली. बाईंनी ‘पुस्तक घेऊन इकडेच या’ म्हटलं, मी खुर्ची सरकवून शेजारी बसले आणि पान उघडून दाखवलं. प्रश्नचिन्ह बघून त्या इतक्या खूश झाल्या की मला क्षणभर कळेना काय झालं. म्हणाल्या, ‘हे कुणीतरी विचारावं म्हणून मी चार वर्षं थांबले आहे.’

मग त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. त्यात उभे रकाने आखलेले. स्वारीच्या पहिल्या सकाळच्या ओळीवर बोट ठेवून त्या एकेक वाचत गेल्या. शक १५८५. जुन्या मराठी कागदांत येणारा सुहूर सन, अरबी शब्दांत ‘अर्बा सितैन अलफ’, म्हणजे चार, साठ आणि हजार मिळून १०६४. हिजरी १०७४. इंग्रजांच्या लेखी १६६३, पोर्तुगीजांच्या लेखी १६६४. एकच सकाळ, आणि पाच वर्षांचे पाच आकडे! पोर्तुगालने १५८२ मध्येच नवी ग्रेगरियन कालगणना घेतली होती. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच गणनेला धरून होते, म्हणून त्यांची तारीख दहा दिवस मागे. शिवाय त्यांचं सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारीत त्यांच्याकडे १६६३ च चालू होतं.

‘पण मग जुळवायचं कसं?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘वार बघायचा. तारखा बदलल्या तरी वार कुणी बदलला नाही. इंग्रजांची ५ आणि पोर्तुगीजांची १५, दोन्ही मंगळवारच.’

ती वही मग गोलात हातोहात फिरली. पेन्सिलीतलं बारीक अक्षर, खाडाखोड, एका पानावर शाईचा डाग. सभागृहात हे झालंच नसतं. याआधी मी एका मोठ्या कार्यक्रमाला गेले होते. तिथे शेवटून तिसऱ्या रांगेत बसून मला लेखकाचा चेहरासुद्धा नीट दिसला नव्हता आणि प्रश्नोत्तरांना जेमतेम दहा मिनिटं मिळाली होती. त्या दिवशी मी खट्टू होऊन घरी आले होते, म्हणून हा फरक मला इतका जाणवतो.

सगळंच जमून आलं असं नाही. एका सदस्यांनी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच व्याख्यान सुरू केलं आणि त्यांना थांबवायचं धाडस कुणी केलं नाही. सूत्रसंचालकाने अशा वेळी भीड बाळगू नये. दुसरं, एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं की कागदपत्रांत नसलेला कडवट संवाद खऱ्या माणसाच्या तोंडी का घातला. त्यावर ‘शेवटी कादंबरी आहे’ एवढंच उत्तर आलं. तारखांसाठी पाच रकाने आखणाऱ्या बाईंकडून माझी याहून जास्त अपेक्षा होती. कुठलं कागदांतलं आणि कुठलं रचलेलं, हे पुस्तकाच्या शेवटी दोन पानांत सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. मी ते तिथे बोललेही. त्यांनी मान डोलावली, पण कबूल काही केलं नाही.

निघायच्या वेळी सह्या चालू होत्या. माझ्या डोक्यात मात्र तो मंगळवारच घोळत होता. ५ ला मंगळवार, तर १० ला रविवार. महाराजांनी सुरत सोडली ती इंग्रजांच्या १० जानेवारीला. मी उभ्या उभ्याच पुस्तक चाळलं. पान २६१, तोच वखारीतला कारकून, तीच जुनी गणना, ‘१० जानेवारी, शनिवार’. रांगेत पुढे जाऊन मी ते पान बाईंसमोर धरलं. त्यांनी बोटांवर मोजलं, परत मोजलं, वही उघडून पाहिली. मग स्वतःची प्रत काढली, ‘शनिवार’ खोडलं, वर ‘रविवार’ लिहिलं आणि पेन्सिल माझ्यापुढे करून म्हणाल्या, ‘बसा. अजून काय काय सापडलंय?’