कानापुढील जन्मजात छिद्र: कर्वे रस्त्यावरील एका कान-नाक-घसा दवाखान्यातील उपचार

कानाचा वरचा काठ गालाला जिथे येऊन मिळतो, तिथे काही जणांना जन्मतःच टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. डॉक्टर त्याला प्रीऑरिक्युलर सायनस म्हणतात. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही आणि अनेकांना ते असल्याचे ठाऊकही नसते. माझ्या मुलीच्या उजव्या कानापुढील अशा छिद्रात मात्र वारंवार पू होऊ लागला आणि शेवटी कर्वे रस्त्यावरील या दवाखान्यात तिची शस्त्रक्रिया झाली. या विकारात जखम भरून आली म्हणजे उपचार यशस्वी झाला असे म्हणता येत नाही, कारण तो काही महिन्यांनीही उलटू शकतो. म्हणून वर्ष उलटल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जात होतो. तिथे दर वेळी गळूला चीर देऊन पू काढला जाई, प्रतिजैविकांच्या गोळ्या मिळत आणि सूज उतरली की विषय संपे. पुढे तिथेच, कानाजवळची कातडी अजून लाल आणि दुखरी असताना, लगेच शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा सल्ला मिळाला. कर्वे रस्त्यावरच्या डॉक्टरांनी मुलीला तपासले आणि अशा स्थितीत शस्त्रक्रिया करण्यास स्पष्ट नकार दिला. संसर्ग पूर्ण शमून सूज गेल्यानंतर काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण सुजलेल्या मांसात छिद्रातून आत गेलेली मूळ नळी कुठे संपते आणि दाह कुठे सुरू होतो हे ओळखता येत नाही, असे त्यांनी सांगितले. पू प्रयोगशाळेत तपासायला पाठवून मगच त्यांनी औषध ठरवले. अशा संसर्गात बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सापडतो आणि आमच्या अहवालातही तोच निघाला. गळू पुन्हा झालेच, तर शक्यतो सुईने पू ओढून काढायचा, कारण प्रत्येक चिरेमुळे व्रण वाढतो आणि पुढची शस्त्रक्रिया अधिक अवघड होते, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

या दवाखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे समजावून सांगण्याची तयारी. गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात बाह्यकर्ण सहा लहान उंचवट्यांपासून घडू लागतो आणि ते एकमेकांत नीट मिसळले नाहीत तर मध्ये अशी नळी राहून जाते, हे डॉक्टरांनी केस पेपरच्या मागे आकृती काढून दाखवले. या नळीच्या आत कातडीचेच अस्तर असल्याने तिथे मृत त्वचेचा थर साचत राहतो आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद असल्याने तो कुजतो. माझ्या यजमानांनाही असेच छिद्र आहे, त्यांना कधीही त्रास झालेला नाही. त्यामुळे मुलीच्या बाबतीत आमच्याकडून स्वच्छतेत काही कमी पडले का, ही बोच मनात होती. हा दोष अनेकदा घराण्यातून येतो, पण एकाच घरातील प्रत्येकात तो दिसेलच किंवा त्रास देईलच असे नाही, हे ऐकून ती बोच गेली.

शस्त्रक्रियेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण सगळे यश तिथेच ठरते. ही नळी सरळ नसते. तिला फाटे फुटलेले असतात आणि बहुधा ती कानाच्या कूर्चेच्या आवरणाला घट्ट चिकटलेली असते. हरळीचे एखादे मूळ जमिनीत राहिले तर ती जशी पुन्हा उगवते, तसाच अस्तराचा लहानसा तुकडा जरी मागे राहिला तरी विकार पुन्हा उद्भवतो. केवळ नळीचा माग काढत ती कापण्याच्या जुन्या पद्धतीत पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण काही अहवालांत ४२ टक्क्यांपर्यंत नोंदलेले आहे. आमच्या डॉक्टरांनी चीर छिद्राभोवती घेऊन कानाच्या वरपर्यंत वाढवली आणि कानशिलाच्या स्नायूवरील आवरणापर्यंतचा संपूर्ण भाग, चिकटलेल्या कूर्चेच्या लहान तुकड्यासह, एकसंध काढला. या पद्धतीत तो धोका बराच कमी असतो. फाटे दिसावेत म्हणून छिद्रात मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडला होता आणि काम सूक्ष्मदर्शकाखाली झाले. चेहऱ्याची हालचाल करणारी नस या भागाच्या खालून आणि पुढून जाते. तिला इजा होण्याचा धोका कमी असला तरी तो आहे, हेही आधी सांगितले गेले. ज्यांना पहिल्यांदाच शस्त्रक्रिया करायची आहे, त्यांनी शल्यविशारदाला यातील प्रत्येक गोष्ट न संकोचता विचारावी, कारण एकदा व्रण झाल्यावर दुसऱ्या खेपेचे काम फार कठीण असते.

अनावश्यक तपासण्या इथे करायला लावत नाहीत. कानापुढील छिद्राबरोबर बहिरेपणा, मानेवरील छिद्रे आणि मूत्रपिंडाचे दोष असलेला एक आनुवंशिक विकार आहे. म्हणून डॉक्टरांनी घराण्यात कोणाला कमी ऐकू येते का हे विचारले, मान तपासली आणि श्रवणचाचणी केली. तसे काहीच न आढळल्याने त्यांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली नाही.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली आणि एक रात्र राहावे लागले. परिचारिका प्रेमळ होत्या. कानावरची घट्ट पट्टी मुलीला त्रासदायक वाटली, टाके मात्र सहज निघाले. जखम भरेपर्यंत हेल्मेट घालायचे नाही आणि म्हणून दुचाकीवर बसायचेच नाही, ही सूचना पुण्यातल्या कुटुंबाने गांभीर्याने घ्यावी. शाळेत सोडण्या-आणण्याची व्यवस्था आधीच करावी लागते. खर्चाचा लेखी अंदाज आधी मिळाला आणि बिल त्याच्या आसपासच आले. विम्याबाबत मात्र सावध राहावे. शरीराच्या दिसणाऱ्या भागातील जन्मजात दोष अनेक पॉलिसींमधून वगळलेले असतात, त्यामुळे दाखल होण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. हा सल्ला दवाखान्यातील विमा पाहणाऱ्या ताईंनी स्वतःहून दिला.

उणिवाही आहेत. वेळ घेऊन गेले तरी ताटकळावे लागते, आणि ठणकता कान घेऊन बसलेल्या मुलासाठी ती प्रतीक्षा खरोखर कठीण असते. वाहन लावायला जागा नाही. नळ स्टॉप मेट्रो स्थानकावरून चालत येणे सोयीचे. संमतिपत्र केवळ इंग्रजीत आहे, ही गोष्ट मला गंभीर वाटते. डॉक्टर तोंडी इतके उत्तम मराठीत समजावतात, तर ज्यावर आईवडील सही करतात तो कागदही मराठीत असलाच पाहिजे, हे मी त्यांना लेखी कळवले आहे.

धाकट्या मुलाच्या कानापुढेही असेच छिद्र आहे. तेही काढून टाकावे का, असे आम्ही विचारले. त्रास नसेल तर त्याला हात लावायचा नाही, दाबून काही बाहेर काढायचे नाही, आणि लाली, सूज किंवा स्राव दिसला तर घरी पोटीस न बांधता त्याच दिवशी घेऊन यायचे, एवढेच डॉक्टरांनी सांगितले आणि त्या तपासणीचे शुल्क घेतले नाही.