नेक पिकअपवर फेज स्विच: काही महिने वापरल्यानंतर

दोन हमबकर (तारांची हालचाल टिपणारे दोन-दोन कॉइलचे पिकअप, एक नेकजवळ आणि एक ब्रिजजवळ), दोन व्हॉल्यूम, दोन टोन अशा नेहमीच्या मांडणीच्या गिटारवर नेकच्या व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधकाच्या) जागी ५०० के ओहमचा पुश-पुल पॉट, म्हणजे नॉब ओढला की स्विच बदलणारा पॉट, बसवला आहे. नॉब खाली असेल तर गिटार पूर्वीसारखीच वाजते. नॉब वर ओढून टॉगल (पिकअप निवडायचा स्विच) मधे ठेवला की दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये येतात, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली. निकाल आधीच सांगून टाकतो: बदल कायम ठेवण्याजोगा आहे, पण नॉब ओढला की झालं, असं समजून कामाला लागाल तर निराशा होईल. दोन्ही व्हॉल्यूम १० वर असताना जे ऐकू येतं ते बारीक, चिरकं असतं आणि जोरही चांगलाच पडलेला असतो. ज्यासाठी हा खटाटोप, तो आवाज ब्रिज १० वर ठेवून नेक साधारण ७ ते ८.५ च्या मधे कुठेतरी सापडतो.

या आवाजाचं नाव निघालं की फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनची १९५९ची लेस पॉल गिटार आठवणारच. तिच्या नेक पिकअपमधलं चुंबक उलटं आहे. पुढे ती गॅरी मूरकडे आणि नंतर कर्क हॅमेटकडे गेली. तिचा नेक पिकअप स्क्रूची रांग ब्रिजकडे करून बसवलेला दिसतो, म्हणून बरेच जण आपलाही पिकअप नुसता १८० अंशांत फिरवून बघतात. त्याने फेज अजिबात बदलत नाही, फक्त दोन कॉइल जागा बदलतात. दुसरा गोंधळ स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअप स्विचवरच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेचा. तिथे दोन पिकअप समांतर आणि एकाच फेजमध्ये असतात. तो आवाज हवा असेल तर हे काम करूच नका.

पिकअपच्या सिग्नलची दिशा दोन गोष्टींवर ठरते: कॉइल कोणत्या दिशेने गुंडाळलीय आणि चुंबकाचं तोंड कुठे आहे. एक उलटं केलं की फेज उलटते, दोन्ही उलटी केली की पुन्हा जागेवर येते. उलट फेजमधले दोन पिकअप एकत्र आले की दोघांत जे सारखं असेल ते वजा होतं. तारेचा मूळ स्वर आणि खालचे हार्मोनिक दोन्ही पिकअपवर जवळपास सारखेच हलतात, त्यामुळे खर्ज जातो. वरचे हार्मोनिक दोन जागी वेगळे वागतात, ते उरतात. म्हणून तो नाकातून गायल्यासारखा पोकळ स्वर. यातलं वाजवताना कामी येणारं एवढंच: जाड तारा मोकळ्या छेडल्या तर हाती काही लागत नाही. सातव्या फ्रेटच्या वर, पातळ तारांवर मात्र आवाजाला अंग येतं, कारण तरंगलांबी आखूड झाली की दोन पिकअपमधलं तेच अंतर तिच्या मानाने मोठं ठरतं. कॉर्ड वाजवणाऱ्यांना ही जागा फारशी आवडणार नाही. एकेक स्वर ओढून, बेंड करून वाजवणाऱ्यांसाठी ती आहे.

चुंबक उलटवायचं की स्विच लावायचा, हा खरा निर्णय. चुंबक उलटवायला सुटा भाग एकही लागत नाही, पण मग मधली जागा कायमची तशीच राहते. ते करायचंच असेल तर कव्हरचे दोन डाख सोडवायचे, टेप काढायची, खालचे चार स्क्रू सैल करायचे आणि चुंबकाची पट्टी आडवी सरकवून बाहेर काढायची. मेणात बुडवलेला पिकअप असेल तर आधी हेअर ड्रायरने कोमट करा, जोर लावलात तर कॉइलची बारीक तार तुटेल. पट्टीचे ध्रुव तिच्या दोन लांब कडांवर असतात. ती कुशीवर वळवली तर कडांची अदलाबदल होते आणि काम होतं. टोकावरून टोकावर उलथवली तर लांब कडा जिथल्या तिथेच राहतात आणि काहीच बदलत नाही. काढण्याआधी एका लांब कडेवर मार्करने खूण करा, म्हणजे घोळ होणार नाही.

स्विचसाठी मात्र पिकअपची वायर कशी आहे हे आधी पाहावं लागतं. जुन्या पद्धतीच्या वेणीच्या वायरमध्ये बाहेरची जाळी हीच कॉइलची दुसरी बाजू असते आणि ती कव्हरला व तळपट्टीला जोडलेली असते. अशा पिकअपची टोकं उलटवली की कव्हरच गरम (सिग्नलच्या) बाजूला जातं. मग बोट लागलं की खरखर आणि सतत हम (गुणगुण). तिथे चुंबकच उलटवा, किंवा वायर बदलून चार तारा अधिक उघडी तार अशी करून घ्या. रंग कंपनीगणिक वेगळे असतात. सीमोर डंकनमध्ये काळी गरम, हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकत्र. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. उघडी तार काहीही झालं तरी थेट ग्राउंडलाच, ती स्विचवर न्यायची नाही.

पुश-पुलच्या खालच्या भागात डीपीडीटी स्विचच्या (एकाच वेळी दोन मार्ग बदलणाऱ्या स्विचच्या) सहा पायऱ्या, म्हणजे डाख लावायची टोकं, असतात, दोन स्तंभ आणि तीन ओळी. मधल्या दोन पायऱ्यांवर पिकअपची गरम आणि ग्राउंड तार. वरच्या आणि खालच्या ओळींतल्या पायऱ्या तिरप्या जोडायच्या: वरची डावी खालच्या उजवीला, वरची उजवी खालच्या डावीला. मग वरच्या ओळीतली एक पायरी पॉटच्या इनपुटला, दुसरी पॉटच्या पाठीवर ग्राउंडला. नॉब खाली असताना उलट फेज मिळाली तर मधल्या दोन तारांची अदलाबदल करा, बाकी काही हलवू नका. तिरप्या तारांना आवरण असू द्या. बहुतेक बिघाड तिथेच उघड्या तारा टेकल्याने होतात, आणि मग नेक पिकअप गप्प. ०.८ मिमीचं ६०/४० सोल्डर आणि ४० वॅटचं आयर्न पुरतं. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा. आयर्न तिथे फार वेळ टेकवून ठेवलंत तर आतला ट्रॅक जळतो.

कव्हिटी (गिटारच्या पाठीतला पॉटचा खळगा) बंद करण्याआधी फेज तपासून घ्या. डिजिटल मल्टिमीटर २० के ओहमवर लावून पिकअपची दोन टोकं जोडा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पोलवर (पिकअपच्या वरच्या लोखंडी स्क्रूवर) टेकवून झटकन उचला. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघा. दुसऱ्या पिकअपवर त्याच रीतीने करा. दिशा एकच आली तर फेज एक, वेगळी आली तर उलट. मीटरची लाल पिन दोन्ही वेळा गरम तारेवरच हवी.

आता वापराबद्दल. दोन पिकअपचा जोर जितका सारखा, तितकी वजाबाकी जास्त. नेकजवळ तार जास्त हलते म्हणून तो पिकअप मुळातच मोठ्याने वाजतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तार आणि पिकअप यांत नेकला २.४ मिमी आणि ब्रिजला १.६ मिमी अंतरापासून सुरुवात करा आणि पुढे कानाने ठरवा. उंची एकदा बसली की बाकीचं सगळं नेकच्या व्हॉल्यूमवर. तिथे लॉग पॉट (फिरवण्याच्या मानाने असमान बदलणारा) असेल तर वरच्या टोकाला बदल फार घाईने होतो आणि हवी ती जागा हातातून निसटते. लिनिअर पॉटमध्ये (समान बदलणाऱ्या) ती जागा आणखी खाली सरकते, पण सापडते सहज. मला लिनिअरच योग्य वाटतो. नेहमीच्या वायरिंगमध्ये मधल्या जागेवर नेक पूर्ण शून्यावर नेला तर दोन्ही पिकअप बंद होतात, हा दोष नाही, तसंच असतं.

ॲम्पवर मिड्स वाढवा, ट्रेबल कमी करा. पडलेला जोर भरून काढायला बूस्ट किंवा ओव्हरड्राइव्ह लागतो. खर्ज आधीच गेलेला असल्याने गेन वाढवूनही आवाज चिखल होत नाही, आणि या बदलाचा मला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. स्वच्छ आवाजात थोडा रिव्हर्ब नसेल तर ऐकवत नाही.

सिंगल कॉइलवाल्यांनी हमचा हिशेब वेगळा करावा. दोन्ही पिकअपचं चुंबक आणि गुंडाळणी सारखी असेल तर एकाची टोकं उलटवल्यावर हमही कटते. एक पिकअप आधीच उलट गुंडाळणीचा, उलट चुंबकाचा असेल तर मात्र टोकं उलटवल्यावर सिग्नल वजा होतो आणि हमची बेरीज होते. टेलिकास्टरच्या नेकचं धातूचं कव्हर कॉइलच्या ग्राउंडला जोडलेलं असतं. तो जोड तोडून कव्हरला स्वतंत्र ग्राउंड दिल्याशिवाय टोकं उलटवू नका.

एकच व्हॉल्यूम असलेल्या गिटारवर नेक थोडा कमी करायची सोय नाही. तिथे उलटवलेल्या पिकअपच्या गरम तारेत ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीत घाला. त्या पिकअपचा खर्ज अडतो, म्हणून दुसऱ्याचा खर्ज वजा होत नाही आणि आवाज बराच भरीव राहतो. ०.०४७ घातला तर अडवणूक आणखी खालून सुरू होते, आवाज पुन्हा पातळ व्हायला लागतो. हा कपॅसिटर फक्त उलट फेजमध्येच मार्गात येईल असा स्विचवर जोडा, नाहीतर तो पिकअप एकटा वाजवताना दुबळा लागेल.

तक्रारी पुश-पुलच्याच. त्याचा सांगाडा उंच असतो, तेव्हा विकत घेण्याआधी कव्हिटीची खोली मोजा, आणि लेस पॉलसारख्या फुगीर टॉपला लांब दांड्याचाच घ्या. चिरलेल्या दांड्यावर दाबून बसवलेला नॉब ओढताना हातात येतो, म्हणून स्क्रूने कसणारा नॉब आणि अखंड दांडा घ्या. पॉटच्या तारा थोड्या सैल सोडा. ताणलेली तार रोजच्या ओढाओढीने डाखाजवळ तुटते. स्विच बरेच दिवस न वापरता राहिला तर खरखरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पाचसहा वेळा वर-खाली केला की शांत होतो.