शाळेची लंडन सहल आणि माझे 1,74,900 रुपये

मुलीच्या लंडन सहलीच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. किती पैसे गेले तो आकडा आधी सांगतो, कारण गावात तो कधी दोन लाख तर कधी तीन लाख असा फिरतोय. क्लासची फी 6,500. नोंदणी 15,000. पहिला हप्ता 60,000. आंब्याचे पैसे हातात आल्यावर जूनमध्ये दुसरा हप्ता 75,000. व्हिसा आणि विमा म्हणून 18,400. एकूण 1,74,900 रुपये. त्यातला एक रुपया परत आलेला नाही.

मी रत्नागिरी तालुक्यातला, समुद्राकाठच्या गावचा. थोडी हापूसची कलमं आहेत, त्यावर घर चालतं. मुलगी इथल्याच हायस्कूलमध्ये. 2023 च्या जुलैत, ती आठवीत असताना, शाळेत शनिवारी दुपारी इंग्रजी संभाषणाचे वर्ग सुरू झाले. बाहेरची संस्था, शिकवायला एक सर. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पुढचा क्रम तुम्ही ओळखला असेलच. आधी क्लास, मग लेव्हल टेस्ट, मग 'निवड', मग लंडन-ऑक्सफर्डची दहा दिवसांची अभ्यास सहल.

सर शिकवायचे चांगलं, खोटं कशाला बोलू. दोन बाकं आडवी लावून वर्गात विमानतळाचं काउंटर केलेलं. एक मूल अधिकारी, बाकीची रांगेत. 'व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?' माझी मुलगी संध्याकाळी पडवीत सुपाऱ्या सोलताना याचं उत्तर पाठ करायची. मी स्वतः दहावीला इंग्रजीत नापास झालेला माणूस. ते ऐकताना मला काय वाटायचं ते ज्यांची मुलं आहेत त्यांना सांगायला नको.

टेस्ट मोबाइलवर, वीस मिनिटांची. निवडलेल्या चौदाही मुलांची पातळी 'बी2' आली. भाषेच्या ए1 पासून सी2 पर्यंत सहा पातळ्या असतात आणि बी2 म्हणजे सहज चर्चा करता येणं, हे मला आता कळलंय. आठवीतली चौदा मुलं, एकालाही बोलायला न लावता, सरसकट बी2. शाळेतल्या इंग्रजीच्या बाई त्याच वेळी म्हणाल्या होत्या, "हे काही मला पटत नाही." आम्हाला वाटलं, बाईंना बाहेरचा माणूस खुपतोय.

आता ज्या गोष्टीने झोप लागत नाही ती लिहितो. 11 ऑक्टोबर 2024 ला व्हॉट्सॲपवर व्हिसाची पीडीएफ आली. फोटो, नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. आम्ही पेढे वाटले. आणि मुलीचा पासपोर्ट त्या दिवशी कुठे होता? माझ्या कपाटात, रेशनकार्डाच्या खाली. तो घराबाहेर गेलाच नव्हता! सरांनी फक्त झेरॉक्स नेली होती. ब्रिटनच्या व्हिसाचा कागद तेव्हा पासपोर्टच्या पानावर चिकटवून मिळायचा. त्याआधी मुलांनाही स्वतः व्हिसा केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यावा लागतो, पाच वर्षांखालच्यांनाच काय ती ठशातून सूट.

माझा चुलतभाऊ बोटीवर असतो. सुट्टीवर आला होता, त्याने पेढा हातात घेऊनच विचारलं, "दादा, ठसे द्यायला ही कधी गेलेली मुंबईला?" मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, शाळेचा ग्रुप आहे, अठराखालच्यांना ठसे लागत नाहीत. मी फोन ठेवला आणि भावावर चिडलो. तुला माझ्या पोरीचं बघवत नाही, इथपर्यंत बोललो. तेव्हा त्याचं ऐकून पोलिसात गेलो असतो तरी निदान 18,400 वाचले असते. ते मी त्यानंतर तीन दिवसांनी भरले.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो. आमच्याकडे प्रत्येक वाडीतलं कोणी ना कोणी आखातात आहे. त्यांचे व्हिसा कागदावरच येतात, हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. सरांनी दिलेल्या विमानाच्या तिकिटावर दहा आकडी पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, होता. कोकण रेल्वेच्या तिकिटावर तसाच असतो, मला तो खराच वाटला. विमानाचा पीएनआर सहा अक्षरांचा असतो, विमान कंपनीच्या साइटवर आडनावासकट टाकून बघायचा. आणि बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली, मुख्याध्यापक खुर्चीवर बसलेले. आम्ही शंका घ्यायची ती कोणावर?

पैसे एका माणसाच्या बचत खात्यात गेले. जीएसटीचं बिल नाही, पावती साध्या छापील पुस्तकातली. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावाने भरायचा आयकर, घ्यावा लागतो. त्यासाठी ज्याने पॅन मागितला नाही त्याला तिथेच थांबवा.

भाऊबीज झाली की निघायचं, 5 नोव्हेंबरचं विमान. 4 तारखेला रात्री सरांचा फोन बंद लागला. दुसऱ्या दिवशी चौदा घरचे लोक शाळेच्या पायऱ्यांवर. मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेने फक्त हॉल दिला होता." पोरं पन्हाळ्याला एसटीने न्यायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि लंडनला न्यायला एक कागद नाही? तो कागद आधी मागा. शिक्षण विभागात गेलो तर उत्तर मिळालं, शाळेने परवानगी मागितलीच नाही, म्हणजे ही सहल आमच्या दप्तरी नाही. म्हणजे माझे पैसे गेले तेही दप्तरी नाही!

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी, "व्यवहार आहे हा, दिवाणी दावा लावा." दुसऱ्या दिवशी सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस तुम्हाला समोर भेटलाय, हे आमचं नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार घेतली, पण पैसे त्या खात्यातून कधीच निघून गेले होते. असा फोन पहिल्या काही तासांत केला तरच उपयोग, लक्षात ठेवा. मग तिसऱ्यांदा ठाण्यात, तर म्हणे आरोपी ज्या गावचा तिकडे जा. नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो असा, कुठेही घडलेला असो, तक्रार नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. न्याय संहितेचं कलम 318(4), फसवणूक, दखलपात्रच आहे. हे मी, कलमं राखणाऱ्या माणसाने, वर्दीतल्या माणसाला वाचून दाखवायचं? शेवटी रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे अर्ज पाठवला, तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या खेपा चालू होत्या.

जिल्हा ग्राहक आयोगातही गेलोय. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असला तर तिथे फी लागत नाही. पावत्या, चॅट, बँकेचं स्टेटमेंट, सगळं कागदावर काढून घ्या, नुसतं मोबाइलवर राहू देऊ नका. सरांनी आमच्या ग्रुपमधले मेसेज डिलीट केले, माझ्याकडे झेरॉक्स होत्या म्हणून वाचलो.

चौदापैकी पाचच पालकांनी तक्रारीवर सह्या केल्यात. बाकीच्यांना गावात नाव नकोय. एकाने तर बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. लाज मलाही वाटते. बाजारात लोक विचारतात, "काय, पोरगी लंडनला कधी?" तरी मी तारखेला जाणार आहे. त्या नऊ जणांनी निदान पावत्या तरी माझ्याकडे आणून द्याव्यात.